शंभर मैलांवर डावीकडे

३ फेब्रुवारी

चि. पाना,

अनेक आशीर्वाद. अक्षर बघून दचकू नकोस, मी या वयात शाळेत गेलेले नाही. माझी पत्रं लिहून देणारा पोस्टातला कारकून बदली होऊन गेला. आता खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई लिहिते. अक्षर तिचं, शब्द माझे. मध्येच कुणी माप द्यायला आलं की ती उठून जाते आणि परत येऊन विचारते, "आजी, कुठे होतो आपण?" ते तिला ठाऊक नसतं आणि मला तर नसतंच. तेव्हा पत्रात कुठे उडी दिसली तर समजावं, कुणाच्या तरी कोटाच्या बाह्या लांब झाल्या.

आजोबांची गाडी अखेर तुझ्या गॅरेजात पोहोचली हे ऐकून बरं वाटलं. तुझ्या काकाने सहा वर्षं तिच्यात कोंबड्या पाळल्या. ज्या टॅक्सीत बसताना लोक बूट झटकायचे, तिच्यात कोंबड्या! हे असते तर त्यांनी काकालाच खुराड्यात घातलं असतं.

पण पुढे काय लिहिलंयस? मागचा कणा काढून दुसरा बसवणार? तुम्ही त्याला अ‍ॅक्सल म्हणता. हे बैलगाडीवाल्याचा मुलगा, ते कणाच म्हणायचे. आणि का काढणार, तर तो घुमतो म्हणून! अगं, घुमायचाच तो. गल्लीच्या तोंडाशी त्याचा सूर लागला की मी दूध तापायला ठेवायची, आणि हे दारात पाऊल टाकेपर्यंत ते बरोबर उतू जायचं. माणूस घोरतो म्हणून कुणी त्याची पाठ बदलून आणत नाही.

तू लहानपणी बाहुली सोडून पाना उशाशी घेऊन झोपायचीस, तेव्हाच मी म्हटलं होतं, ही एक दिवस आपल्या मुळावर येणार.

माझी तब्येत उत्तम. डोळे तर असे आहेत, की समोरच्या छपरावरची मांजर गाभण आहे की नुसतीच जाड, ते इथून सांगते.

तुझी,
आजी

*

१५ फेब्रुवारी

प्रिय आजी,

नमस्कार. शिंपीणबाईंनाही सांग. तुझा खवचटपणा त्यांनी जरासुद्धा कापून शिवला नाही, त्याबद्दल आभार.

गाडी सध्या चार स्टँडवर उभी आहे, मागची चाकं काढून. सीट उचलली तर खालून एवढी पिसं निघाली की गॅरेजात बराच वेळ बर्फ पडत होता. पत्रा ठीक आहे, इंजिनही ठीक. पण आजी, अ‍ॅक्सल बदलावाच लागेल. हायवेवर पन्नासच्या वर गेलं की इंजिन असं किंचाळतं, जणू मी त्याची शेपटी पिरगाळतेय. तुझ्या घरापर्यंत तीनशे मैल आहेत. तशी आले तर पोहोचेपर्यंत एक तर गाडी बहिरी होईल नाहीतर मी.

भंगारात एक टपालाची व्हॅन मिळाली. समोरून चेपलेली, पण मागून धडधाकट. तिचा अ‍ॅक्सल रुंदीला नेमका बसतो. फक्त स्प्रिंगच्या पाट्यांवर टेकतात त्या बैठका दोन बोटं आत आहेत. त्या कापून पुन्हा वेल्ड कराव्या लागतील. ब्रेकचा पाइपही नवीन वाकवावा लागेल. पंधरा दिवसांचं काम.

एक गंमत विचारायची होती. काढण्याआधी मी जुना अ‍ॅक्सल मोजला. खडूने खुणा करायच्या, चाक एक फेरा फिरवायचं आणि इंजिनाकडून येणारा लांब दांडा तेवढ्यात किती वेळा फिरतो ते बघायचं. या गाडीच्या पुस्तकात चार लिहिलेत. मी मोजले तर पाच भरले. तीनदा मोजले. हा अ‍ॅक्सल या गाडीचा नाहीच. आणि आजोबा तर छातीवर हात मारून सांगायचे, की गाडीला कंपनीबाहेरचा एक खिळासुद्धा लागलेला नाही!

गाडी झाली की तडक तुझ्याकडे येते. मग तू म्हणशील तिथे जाऊ. कुठे, ते आत्ताच सांगून ठेव, नाहीतर ऐनवेळी दवाखाना आणि बँक एवढंच सांगशील.

तुझी,
पाना

*

२७ फेब्रुवारी

चि. पाना,

आशीर्वाद. छातीवर हात मारायला काय लागतं? हात स्वतःचा, छाती स्वतःची.

तो कणा पावाच्या गाडीचा. आमचं लग्न होऊन चार वर्षं झाली असतील. टेकडीवर क्षयाचं इस्पितळ होतं आणि तिकडची गिऱ्हाइकं पुष्कळ. पण चढ असा, की अर्ध्या वाटेत गाडी दम टाकायची आणि आजाऱ्याला भेटायला निघालेली माणसं उतरून ढकलायची. वर पोहोचेपर्यंत भेटायला आलेला कोण आणि आजारी कोण, ते डॉक्टरलाही ओळखू येऊ नये. मग ह्यांनी एक मोडीत निघालेली पावाची गाडी गाठली आणि तिचा ओझं ओढणारा कणा मागच्या अंगणात आपल्या गाडीला बसवला. चोरून. "टॅक्सीला पावाच्या गाडीचा माल लावला असं कळलं तर लोक मला पाववाला म्हणतील," हे त्यांचं म्हणणं.

आणि पाच तू मोजलेस असं वाटतंय ना? ते आधी मी मोजलेत. हे चाक फिरवायचे, मी खाली वाकून दांड्यावरची खडूची खूण बघायची. खूण वर आली की ओंजळीतली एक बी मांडीवर टाकायची. चाक थांबलं की मांडीवर पाच बिया. ह्यांनी चौघांकडून लिहून आणलेला फेऱ्यांचा एकही आकडा जुळेना, माझ्या बिया जुळल्या. मला लिहिता येत नाही गं, पण मोजण्यात मला कुणी फसवलेलं नाही. (शिंपीणबाई, हे तुलाही लागू आहे. अस्तर दीड वार घेतलंस आणि सव्वाच लावलंस.) ती म्हणतेय, हे लिहिणार नाही. लिहिलंन बघ.

आता कुठे जायचं ते. मला माझ्या समुद्रावर ने.

हसू नकोस. या घरात "आजीचा समुद्र" म्हटलं की हसायचं, हे तुमच्या पाळण्यापासून ठरलेलं आहे, ठाऊक आहे मला. सगळ्यांचा समुद्र नाही म्हणत मी. तो पाहिलाय, फार आरडाओरडा करतो. माझा म्हणतेय.

जरा लवकर कर. तसं कारण काही नाही. उन्हाळ्यात रस्ते तापतात, एवढंच.

आजी

(पत्रासोबत वेगळ्या कागदावर)

ताई, ही चिठ्ठी माझी, आजींना ठाऊक नाही. त्यांनी सांगितलं त्यापलीकडे एक शब्द लिहायचा नाही असं ठरलंय, पण मला राहवत नाही. समोरच्या छपरावर मांजर नाही. तिथे उलटं घातलेलं घमेलं आहे. डॉक्टर म्हणाले, आता औषध नाही आणि शस्त्रक्रियाही नाही. उन्हाळा संपेपर्यंत उजेड आणि सावली एवढंच कळेल. त्या भिंतीला हात लावून चालतात आणि विचारलं तर भिंतीची ओल तपासतेय म्हणतात. अस्तर सव्वा वारच लागतं. — शिंपीण

*

१० मार्च

प्रिय आजी,

आज तुझी माफी मागायची आहे. लहानपणी मी आणि दादा ताटात पाणी घेऊन बसायचो, एक बोटही हलवायचो नाही आणि म्हणायचो, "बघा बघा, आजीचा समुद्र." तू हसायचीस. मला वाटायचं, तुलाही गंमतच वाटते.

नवा अ‍ॅक्सल बसला. काल गल्लीतून एक फेरी मारली. इतकी गप्प गाडी, की मी दोनदा खाली उतरून बघितलं, इंजिन चालू आहे ना. जुना बाकाखाली पडलाय, शुक्रवारी भंगारवाला नेईल.

आता नीट सांग. तुझा समुद्र कुठे आहे? दिशा, रस्ता, झाड, दगड, जे आठवेल ते. स्वप्न असलं तरी सांग. मी नकाशे घेऊन बसलेय.

लवकर निघायचंय हे मलाही पटलंय. रस्ते तापतात.

तुझी,
पाना

*

१९ मार्च

चि. पाना,

शुक्रवार होऊन गेला. दिलास का तो कणा? दिला असशील तर पुढचं वाचू नकोस, मला वाईट वाटेल. बरं, वाच. शिंपीणबाईने आज दुकानाला कडी लावलीय. म्हणते, होऊन जाऊ दे एकदाचं.

पावाच्या गाडीचा कणा बसवला, त्याच वर्षाची गोष्ट. त्या वर्षी आम्ही शेजारून एक पाळणा मागून आणला होता, आणि तो रिकामाच परत द्यावा लागला. त्यानंतर मी बोलत नसे. भांडत नसे, रडत नसे, नुसती चुलीसमोर बसून राही. ह्यांना दुसरं काही सुचेना. ह्यांची थोरली बहीण समुद्राकाठी राहायला गेली होती. तिने निरोप धाडला होता: मोठा पूल ओलांडला की घड्याळ शून्यावर आणा, शंभर मैलांवर डावीकडे वळा, तिथून वीस मैल. तुमचं ते मीटर, त्याला आम्ही घड्याळ म्हणायचो. पाट्या वाचायच्या तर मला अक्षरओळख नाही, आणि हे पाटी वाचणं कमीपणाचं मानत. ड्रायव्हरला रस्ता पायात असावा लागतो म्हणे. तेव्हा मी पुढच्या सीटवर बसून घड्याळाचे आकडे बघायचे, असं ठरलं. आकडे मला येतात.

पूल गेला. घड्याळ शून्यावर. बरोबर शंभराला मी म्हटलं, "आलं." डावीकडे खरंच एक रस्ता. मग वीस मैल. आणि रस्ता संपला तिथे समुद्र.

आम्ही दोघांनीही तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. कुणी सांगितलं होतं का, तो किती आवाज करतो? आमच्यापुढे नुसतं पाणी. लाट नाही, वारा नाही. पांढरं आभाळ खाली उतरून पाण्यावर निजलं होतं, आणि शिवण कुठे आहे ते दिसत नव्हतं. काठावर पांढरे ढीग आणि पांढरे पक्षी. एक ढीग उडाला तेव्हा कळलं, तो पक्ष्यांचा होता. ह्यांनी बोट बुडवून चाखलं. म्हणाले, "खारट आहे. समुद्रच."

एक बाई लांब दांड्याने पाण्यातून मीठ ओढत होती. ह्यांनी बहिणीचं घर विचारलं. ती म्हणाली, "असं कुणी इथे राहत नाही." मग पुढे "हा समुद्रच ना?" एवढं विचारायला हवं होतं की नाही? पण ड्रायव्हर तसं विचारेल? ते म्हणाले, "बरं बरं," आणि मागचं चाक पंक्चर झालंय का ते बघायला गेले. सुदैवाने झालं होतं.

ते जॅक लावत होते तोवर मी पाण्यात उतरले. घोटाभर पाणी. चालले, तरी घोटाभरच. आणखी चालले. पाय पांढरे, पाणी पांढरं. वर्षभर छातीवर ठेवलेलं काहीतरी हळूहळू खाली उतरत होतं, पाण्यात विरघळल्यासारखं. किती चालले कोण जाणे. वळून बघितलं तर गाडी नाही, काठ नाही, हे नाहीत. धुकं. खरं सांगू? मला भीती वाटली नाही. वाटलं, असंच पुढे जावं, काय हरकत आहे?

इकडे ह्यांनी हाका मारल्या असतील, त्या धुक्यात माझ्यापर्यंत आल्या नाहीत. भोंगा तर त्या दिवशी सकाळपासूनच मुका झाला होता. मग ह्यांनी काय करावं? मागची एक बाजू जॅकवर होतीच, तिला घाईघाईने सुटं चाक चढवलं. इंजिन चालू केलं, गिअर टाकला, आणि ते अधांतरी चाक नुसतं फिरवत बसले. पावाच्या गाडीचा कणा घुमायला लागला. पाना, पाण्यावरून तो सूर असा आला, जसं कुणी घराच्या आतल्या खोलीत बसून गुणगुणतंय. चाक पळत होतं आणि गाडी जागच्या जागी होती. मी त्या सुराच्या मागे मागे परत आले. ह्यांचा चेहरा मिठाच्या ढिगासारखा झाला होता. मी म्हटलं, "दूध ठेवू का तापायला?" ते "आलं" सोडलं तर वर्षातला माझा पहिला शब्द तो. ते बोनेटवर डोकं टेकून किती तरी वेळ हसत होते. हसतच होते असं आपण धरून चालू.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो. मधल्या काळात ह्यांनी त्या घड्याळाचं काहीतरी बारीकसारीक केलं होतं, फार पुढे पळतं म्हणे. पूल, शून्य, शंभर, डावीकडे. वेगळाच रस्ता! आणि शेवटी तो ओरडणारा समुद्र, आणि दारात उभी माझी नणंद. "गेल्या खेपेला आलाच नाहीत!" हे म्हणाले, "गाडी बंद पडली वाटेत," आणि माझ्याकडे बघितलं. चुकलेला ड्रायव्हर म्हणजे ह्यांच्या लेखी नाक नसलेला माणूस. मी गप्प बसले. तेव्हापासून मी कधी विषय काढला की म्हणायचे, "अगं, मागच्या सीटवर झोप लागली होती तुला, स्वप्न पडलं." सगळे हसायचे. मीही हसायची. मागच्या सीटवर मी जन्मात बसलेली नाही, ती गिऱ्हाइकाची.

ते होते तोवर मला शंका नव्हती. खोटं बोलणारा समोर असला की खरं काय ते पक्कं राहतं. ते गेले आणि साक्षीदारच उरला नाही. आताशा चुलीसमोर बसते तेव्हा वाटतं, पडलंही असेल स्वप्न. मला एवढंच कळायला हवंय, की त्या पाण्यातून मी चालत परत आले होते की नव्हते. दिसतंय तोवर.

म्हणजे, रस्ते तापायच्या आत.

आजी

*

२ एप्रिल

प्रिय आजी,

खाली बस. शिंपीणबाई, त्यांना खाली बसवा आणि तुम्हीही बसा.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मी गाडी लांबच्या रस्त्यावर नेली होती. शेजारच्या गावाला चाळीस मैल होतात, मैलाचे दगड आहेत. आजोबांच्या मीटरने बत्तीस दाखवले. येताना पुन्हा बत्तीस. घरी येऊन गिअरबॉक्सची शेपटी उघडली. तिथे मीटरला फिरवणारं एक छोटं दातेरी चाक असतं, सुपारीएवढं. ते कंपनीचं नव्हतं. कुणीतरी मुद्दाम दुसरं बसवलं होतं, पाचांच्या अ‍ॅक्सलशी जुळणारं. मी चारांचा अ‍ॅक्सल घातला, म्हणून मीटर मागे पडलं.

एवढंच कळलं होतं, आणि मग तुझं पत्र आलं. मी ते गाडीच्या पायरीवर बसून वाचलं आणि उठायला विसरले.

आजी, तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा कणा पाचांचा होता, पण ते छोटं चाक अजून जुनंच होतं. मीटरला वाटत होतं गाडी चारांची आहे. दांडा पाच वेळा फिरला की ते सव्वा फेरा मोजायचं. तुझ्या घड्याळाने शंभर दाखवले तेव्हा तुम्ही खरे ऐंशी मैल गेला होतात. वीस दाखवले तेव्हा सोळा. तू आकडा बरोबर वाचलास. आजोबांनी वळण बरोबर घेतलं. घड्याळ खोटं बोललं.

नकाशावर पुलापासून ऐंशी मैलांवर डावीकडे एक रस्ता आहे. बारीक, तुटक रेषेचा. सोळा मैलांवर तो एका निळ्या डागाशी संपतो. खाली बारीक अक्षरात लिहिलंय: मिठाची तळी.

अजून एक आहे. गाडीच्या समोरच्या कप्प्यात, फ्यूजच्या मागे, बोट जेमतेम पोहोचेल तिथे एक तपकिरीची डबी सापडली. आजोबा तपकीर ओढत नव्हते. आत कंपनीचं जुनं छोटं चाक आहे. पितळी, पार हिरवं पडलेलं. हिरवं पडलं, कारण ते ज्यात ठेवलंय ते मीठ आहे. जाडं, खडे धरलेलं मीठ. मी चाखलं.

त्यांना ठाऊक होतं, आजी. चूक कुठे झाली तेही ठाऊक होतं. सांगता आलं नाही एवढंच.

मी एकटी जाऊन बघून येणार नाही. तू पाहशील तेव्हाच मी पाहीन. एक काम उरलंय, त्याला पंधरा दिवस लागतील. काय ते विचारू नकोस. भंगारवाल्याकडे मी पत्र वाचून पळत गेले, एवढं सांगते. त्याने कण्याला कटर लावलाच होता.

तुझी,
पाना

*

१२ एप्रिल

चि. पाना,

शिंपीणबाई वाचता वाचता थांबली आणि नाक शिंकरायला गेली. परत आली तर मी म्हटलं, "कुठे होतो आपण?" तिला पहिल्यांदाच सांगता आलं.

मेला! डबीत समुद्र लपवून माझ्याशेजारी चाळीस वर्षं झोपला. आणि मी रोज त्याला विचारायची, भाजीत मीठ पुरेसं आहे का.

राग आला होता, दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी वाटलं, त्या माणसाला ते चाक फेकून देता आलं असतं. फेकलं नाही, मिठात जपून ठेवलं. खोटं बोलणाऱ्याने एवढा पुरावा सांभाळून ठेवावा, म्हणजे कधीतरी पकडलं जावं असं त्यालाही वाटत असेल. पकडायला माझी नात यावी लागली. मी त्या कप्प्यात हात घालत नसे, तिथे त्यांचा कंगवा असायचा, पार मळका.

आता माझंही एक ऐक. समोरच्या छपरावर मांजर नाही. मी म्हटलं होतं ना, गाभण की जाड, सांगते म्हणून? परवा शिंपीणबाईच्या मांडीवर डोकं ठेवून तिला खरं सांगितलं, तर ती म्हणाली, "आजी, ते घमेलं आहे, आणि ताईला मी केव्हाच कळवलंय." बघ, या घरात प्रत्येकाची एकेक डबी.

खिडकी कुठे आहे ते दिसतं. तुझा चेहरा दिसेल की नाही सांगता येत नाही. पांढरं दिसतं. पांढरं पुष्कळ दिसतं. ये.

आजी

*

६ मे

चि. शिंपीणबाई हिस आशीर्वाद.

आज अक्षर वेगळं दिसेल. पाना लिहून घेतेय, हाताला ग्रीसचा वास आहे, कागदालाही येईल. तू एवढी पत्रं लिहिलीस, तुला कुणी एक तरी लिहायला नको?

निघालो तेव्हा तू दारात रडत होतीस, म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. गाडी घुमत होती. गल्लीच्या तोंडाशी मी पानाला म्हटलं, "थांबव! हा कुठला कणा?" ही म्हणते, "पाववाल्याचा." पोरीने नवा बसवलेला अ‍ॅक्सल उतरवून जुना पुन्हा चढवला. कटरने त्याचा एक कान कापला होता, तो जोडला. आणि ते हिरवं चाक रॉकेलमध्ये भिजत घालून, दातांच्या ब्रशने घासून, परत जागेवर ठेवलं. चूक होती तशीच्या तशी जुळवली गं. चाळिशीच्या वर नेताच येत नव्हती, माझ्या दारापर्यंतच्या तीनशे मैलांनाच हिला पूर्ण दोन दिवस लागले होते. पुढच्या वाटेवरही मागून येणारे सगळे शिव्या देत गेले. मी प्रत्येकाला हात केला.

पूल आला तसं पानाने घड्याळ शून्यावर आणलं. मला आकडे दिसत नव्हते. ती दर दहाला सांगत होती, आणि मी ओंजळीतली एकेक बी मांडीवर टाकत होते. दहा बिया झाल्या. मी म्हटलं, "आलं."

डावीकडे रस्ता होता.

मग आणखी दोन बिया. गाडी थांबली. पानाने इंजिन बंद केलं. मी विचारलं, "काय दिसतंय?" ती म्हणाली, "आजी, पांढरं." मी म्हटलं, "मग मला दिसतंय ते बरोबरच आहे." तेव्हा त्या धुक्यात मला याहून जास्त काय दिसत होतं?

चपला काढल्या. घोटाभर पाणी. ती हात धरायला आली, मी म्हटलं, "तुझं काम गाडीपाशी आहे." तिला कळलं. चालले. पाणी घोटाभरच. वर कुठेतरी पंखांचा आवाज झाला, एक ढीग उडाला असणार. मी वाकून बोट बुडवलं आणि चाखलं. मग वळले. काठ नाही, गाडी नाही, पाना नाही.

आणि तो सूर लागला. तिने मागे जॅक लावला होता, खाली स्टँडही (हे लिहायलाच हवं म्हणतेय, धंद्याची शिस्त). अधांतरी चाक फिरत होतं. पाण्यावरून येत होतं ते. आतल्या खोलीत बसून कुणी गुणगुणावं तसं, जरा बेसूर, कान जोडलेल्या बाजूला थोडं खरखरतं. पण तेच.

लगेच निघाले नाही. बोलावणं ऐकू येत असलं की माणसाला घाई नसते. उभी राहिले, पायाला मीठ लागेपर्यंत. मनात म्हटलं, अहो, रस्ता चुकला नव्हतात तुम्ही. मग आवाजाच्या मागे मागे आले.

पाना बोनेटवर डोकं टेकून उभी होती. हसत होती, असं तीच लिहितेय.

तुझ्यासाठी ती डबी नव्या मिठाने भरून आणतेय. आली की चाख, आणि गल्लीत विचारतील त्यांना सांग, समुद्रच आहे. परवा गल्लीच्या तोंडाशी सूर ऐकू आला की दूध तापायला ठेव. उतू गेलं तर समज, आम्ही दारात आहोत.

तुझी,
आजी